युद्धावरच्या माहितीपटात आपण नेमका कुणाचा आवाज ऐकतो?

दुसऱ्या महायुद्धावरचा कुठलाही माहितीपट लावा. तोफ उडाली की धडाका ऐकू येतो, रणगाडे घरघरत जातात, चिखलात बूट आपटतात, विमान सूर मारून खाली येतं तेव्हा कानठळ्या बसतात. यातला जवळजवळ प्रत्येक आवाज नंतर स्टुडिओत बसून भरलेला असतो. आघाडीवरच्या कॅमेरामनकडे सहसा आवाज टिपायची सोयच नसायची. अमेरिकी सैन्याचे बरेच कॅमेरामन ‘आयमो’ नावाचा, हातात धरून वापरायचा कॅमेरा घेऊन फिरत. तो चावी देऊन चालायचा. आत शंभर फुटांचं रीळ बसायचं आणि ते साधारण मिनिटभरात संपायचं. मग कुठेतरी आडोसा शोधून नवं रीळ चढवायचं. लढाई दिवसभर चालली तरी हाती लागायचे ते काही सेकंदांचे मुके तुकडे. पडद्यावर दिसणारी सलग, गर्जणारी लढाई तयार होते ती संकलकाच्या टेबलावर.

हे कळल्यावर काहींना फसवल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. आवाज भरणं हा काही गुन्हा नव्हे. पण कॅमेऱ्याने पाहिलं ते जसंच्या तसं आपल्यासमोर आलं, ही समजूत मात्र सोडावी लागते. युद्धावरचा माहितीपट कुणीतरी, कशासाठी तरी रचलेला असतो. तो नीट पाहायचा तर एक साधा प्रश्न जवळ ठेवावा: आत्ता जो आवाज येतोय तो कुणाचा? तोफेचा, निवेदकाचा, सरकारचा, की चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच तोंड उघडणाऱ्या माणसाचा?

सैनिक समोरून धावत येतात तेव्हा

१ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश सैन्याने चढाई सुरू केली. पहिल्याच दिवशी १९ हजारांहून जास्त ब्रिटिश सैनिक मारले गेले. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल हे दोन कॅमेरामन तेव्हा आघाडीवर होते. त्यांच्या चित्रणातून ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा चित्रपट तयार झाला आणि ऑगस्टमध्ये, लढाई अजून चालूच असताना, ब्रिटनमध्ये लागला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे २ कोटी तिकिटं खपली, असं सांगितलं जातं. आपला मुलगा, आपला भाऊ कुठे दिसतो का, हे शोधायलाही लोक गेले.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं दृश्य असं: खंदकातून सैनिक वर चढतात, एक जण मागे घसरून पडतो, बाकीचे धुरात शिरतात. हे दृश्य बनावट आहे. आघाडीपासून दूर, प्रशिक्षणाच्या जागी ते करवून घेतलं होतं. कारण अगदी व्यवहारी आहे. तेव्हाचा कॅमेरा लाकडी, जड, तिवईवर बसवायचा आणि हाताने दांडा फिरवून चालवायचा. ज्या ठिकाणी डोकं वर काढलं तरी गोळी यायची तिथे तिवई उभी करून दांडा फिरवणं म्हणजे मरणच.

यातून हाताशी ठेवण्यासारखी एक खूण मिळते. सैनिक आपल्या दिशेने धावत येत असतील, तर कॅमेरामन शत्रूच्या बाजूला उभा असायला हवा. तो तिथे कसा पोचला? गोळी झाडणारा आणि ज्याला ती लागते तो, दोघेही जवळून, लागोपाठ, स्वच्छ उजेडात दिसत असतील, तर एकच कॅमेरा दोन्हीकडे कसा होता? बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की ते तुकडे वेगवेगळ्या दिवसांचे, क्वचित वेगवेगळ्या लढायांचेही असतात, किंवा नंतर मुद्दाम करवून घेतलेले असतात. खरं चित्रण पाठीमागून, लांबून आणि हलतं असतं. चौकट नीट जमलेली नसते, आणि नेमकं महत्त्वाचं घडतं ते चौकटीबाहेर.

पण म्हणून सोमवरचा तो सगळा चित्रपट खोटा ठरवून मोकळं होण्यात अर्थ नाही. बनावट भाग अगदी थोडा आहे. पाठीवर जखमी माणूस घेऊन खंदकातून चालणारा सैनिक, घाबरलेले कैदी, कॅमेऱ्याकडे बघत चाललेले असंख्य चेहरे, हे सगळं खरं आहे. यातल्या कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेरा पाहिला असेल.

जुन्या चित्रणात माणसं तुरुतुरु चालताना दिसतात, त्यामागेही हा हाताने फिरवलेला दांडाच आहे. सेकंदाला सोळा-सतरा चित्रं या वेगाने टिपलेलं रीळ चोवीसच्या वेगाने दाखवलं की सगळेच घाईत असल्यासारखे वाटतात. २०१८ साली पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धातल्या अशा चित्रणाचा वेग संगणकाने सुधारला, त्याला रंग दिले, ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्या तज्ज्ञांकडून सैनिक काय बोलत होते ते शोधून काढलं आणि नटांकडून ते वदवून घेतलं. निवेदनाच्या जागी त्या युद्धातून जिवंत परतलेल्यांचे, म्हातारपणी ध्वनिमुद्रित केलेले आवाज वापरले. परिणाम जबरदस्त आहे. शंभर वर्षांपूर्वीचा पोरगेला सैनिक एकदम शेजारी येऊन बसतो. तरी त्याच्या गालावरचा रंग हा आजचा अंदाज आहे आणि तोंडातला शब्द दुसऱ्याचा, हे विसरता कामा नये.

रीळ कुणाच्या कपाटात होतं?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युद्धाचं चित्रण म्हणजे बहुतांशी सरकारचं चित्रण. कॅमेरा सैन्याचा, फिल्म सैन्याची, काय दाखवायचं हे ठरवणारेही सैन्याचे. जे दाखवायचं नाही ते जाळायची गरज नसते, कपाटात ठेवलं तरी पुरतं.

हिरोशिमा आणि नागासाकी यांचंच पाहा. अणुबॉम्ब पडल्यावर काही आठवड्यांतच एका जपानी पथकाने दोन्ही शहरांत चित्रण सुरू केलं. पुढे अमेरिकी प्रशासनाने ते रीळ ताब्यात घेतलं आणि गुप्त कागदपत्रांत टाकलं. जपानला त्याची प्रत परत मिळाली १९६७ साली. १९७० मध्ये एरिक बार्नो यांनी त्यातून सोळा मिनिटांचा माहितीपट केला, तेव्हा भाजलेल्या माणसांची ती दृश्यं अमेरिकेतल्या सामान्य प्रेक्षकासमोर आली. बॉम्बच्या छत्रीसारख्या ढगाचं चित्र मात्र पहिल्यापासून सगळ्यांना पाठ होतं. वरून टिपलेला तो ढग जगाला मिळाला, खालची माणसं पंचवीस वर्षांनी मिळाली.

दुसरं उदाहरण आपल्याच सैनिकांना लपवण्याचं. १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांना मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयात चित्रण करायला सांगितलं. सैनिक कॅमेऱ्यासमोर रडतात, तोतरे होतात, एकाला तर स्वतःचं नाव आठवत नाही. ‘लेट देअर बी लाइट’ १९४६ मध्ये तयार झाला आणि सैन्याने तो लगेच दाबला. कारण दिलं गेलं रुग्णांच्या खासगीपणाचं. ह्यूस्टन यांचं म्हणणं होतं की धडधाकट वीर घरी परततात या कथेला तडा जाऊ नये, म्हणून बंदी आली. १९८० च्या सुमारास तो लोकांना पाहायला मिळाला. गंमत अशी की खासगीपणाचा मुद्दा बोलून चालून खोटा नाही. आपल्या आयुष्यातली सगळ्यांत मोडलेली वेळ जगाने पाहावी असं त्या माणसांना खरंच वाटलं असतं का? हा प्रश्न पुढे प्रत्येक चांगल्या माहितीपटात पुन्हा येतो.

सगळ्यांत अवघड प्रकरण पोलंडमधल्या वॉर्सॉच्या घेट्टोचं, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीचं, आहे. मे १९४२ मध्ये नाझींच्या एका पथकाने तिथे चित्रण केलं. दोन-अडीच महिन्यांत तिथल्या ज्यूंना ट्रेब्लिंका छावणीत नेऊन मारायला सुरुवात झाली. तो चित्रपट कधी पूर्ण झाला नाही, पण युद्धानंतर त्याचं कच्चं रीळ सापडलं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या माहितीपटांनी त्यातले तुकडे ‘घेट्टोतलं जीवन’ म्हणून वापरले: भुकेने रस्त्यावर पडलेली मुलं, आणि त्यांच्या शेजारून खुशाल जाणारी चांगल्या कपड्यांतली ज्यू माणसं. १९९८ साली टाकून दिलेल्या चित्रणाचं आणखी एक रीळ मिळालं. त्यात तीच माणसं तेच दृश्य पुन्हा पुन्हा करताना दिसली. म्हणजे श्रीमंत ज्यू गरीब ज्यूंकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे दाखवण्यासाठी धाकाखाली अभिनय करून घेतला होता. येएल हेर्सोन्स्की यांनी २०१० मध्ये यावर माहितीपट केला. त्यांनी घेट्टोतून वाचलेल्या काही वृद्धांना अंधाऱ्या खोलीत तेच रीळ दाखवलं आणि त्यांचे चेहरे टिपले. चित्र नाझींचं, त्यावरचा आवाज वाचलेल्यांचा. उपाशी मुलं खरी होती, शेजारची मेजवानी रचलेली होती, आणि दोन्ही एकाच चौकटीत होतं. जुनं चित्रण वापरणाऱ्या प्रत्येकाने हे रीळ एकदा पाहायला हवं.

अगदी उलट्या टोकाची काळजी १९४५ मध्येच कुणीतरी घेतली होती. ब्रिटिश सैन्य बेर्गेन-बेल्सन या नाझी छावणीत पोचलं तेव्हा सिडनी बर्नस्टाइन यांनी त्या पुराव्याचा चित्रपट करायचं ठरवलं आणि सल्ल्यासाठी आल्फ्रेड हिचकॉक यांना बोलावलं. हिचकॉक यांनी सांगितलं की कॅमेरा न तोडता सावकाश फिरवलेली लांब दृश्यं वापरा. एकाच दृश्यात प्रेतांचे खड्डे आणि ते पाहायला आणलेले आसपासचे जर्मन नागरिक दोन्ही दिसले, तर कापून जोडल्याचा आरोप कुणाला करता येणार नाही. रहस्यपटांत कात्रीची करामत दाखवणारा माणूस इथे कात्री खाली ठेवायला सांगतो. पुढे राजकारण बदललं, पश्चिम जर्मनीला जवळ करायची वेळ आली आणि चित्रपट गुंडाळला गेला. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तो पूर्ण केला २०१४ मध्ये.

निवेदक गप्प होतो, माणूस बोलू लागतो

पूर्वी युद्धपटात एक भारदस्त पुरुषी आवाज असायचा. तो कुणाचा हे कळायचं नाही, आणि त्याला सगळं ठाऊक असायचं. दिसणारी माणसं मुकी, बोलणारा अदृश्य. हे बदलायला यंत्रच बदलावं लागलं. १९६० च्या आसपास खांद्यावर घेता येणारे सोळा मिलिमीटरचे कॅमेरे आणि सोबत नेता येणारी ध्वनिमुद्रण यंत्रं आली. आता एखाद्याच्या घरी जाऊन, तो बसतो त्या खुर्चीत बसवून, त्याचं बोलणं आवाजासकट टिपता येऊ लागलं.

त्याआधीचाही एक चित्रपट मात्र अपवाद म्हणून सांगायलाच हवा. आलँ रेने यांचा ‘नाइट अँड फॉग’, १९५६, फक्त बत्तीस मिनिटांचा. त्यातही निवेदन आहे, पण ते लिहिलं ज्याँ केरोल यांनी, जे स्वतः माउथाउझेनच्या नाझी छावणीतून वाचले होते. रिकाम्या छावण्या रंगीत, जुनं चित्रण कृष्णधवल. एका छायाचित्रात फ्रान्समधल्याच एका छावणीवर पहारा देणारा फ्रेंच पोलीस दिसत होता. सेन्सॉरने त्यावर बोट ठेवलं आणि त्याची टोपी झाकावी लागली. एवढा मोठा संहार दाखवायला हरकत नव्हती, हरकत होती ती एका टोपीला.

त्या टोपीखालचा माणूस पुढे मार्सेल ओफ्युल्स यांच्या ‘द सॉरो अँड द पिटी’ मध्ये समोर आला. क्लेरमाँ-फेराँ हे एक शहर घ्यायचं आणि जर्मन ताब्याच्या काळात तिथल्या माणसांनी काय केलं ते त्यांनाच विचारायचं. चार तासांहून मोठा हा चित्रपट १९६९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केला, आणि फ्रेंच दूरचित्रवाणीने तो दाखवला १९८१ मध्ये. सगळा देश प्रतिकार करत होता, ही गोष्ट त्यात टिकत नाही. लढलेले शेतकरी आहेत, जर्मनांशी जमवून घेतलेले आहेत, आणि सर्वांत जास्त आहेत ते दुकान चालू ठेवून गप्प बसलेले.

मग १९८५ मध्ये नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा ‘शोआ’. क्लोद लान्झमान यांना तो करायला अकरा वर्षं लागली. लांबी साडेनऊ तास, आणि त्यात जुन्या चित्रणाची एकही चौकट नाही. प्रेतांचे ढीग नाहीत. आजचं जंगल, आजचे रूळ, आजची माणसं आणि त्यांचं बोलणं. पोलंडमधल्या शेतकऱ्याला लान्झमान फ्रेंचमध्ये विचारतात, दुभाषी पोलिशमध्ये सांगते, उत्तर उलट्या वाटेने परत येतं, आणि हे काहीच कापलेलं नाही. सुरुवातीला कंटाळा येतो. मग लक्षात येतं की त्या मधल्या वेळात आपण बोलणाऱ्याचा चेहरा पाहतोय आणि उत्तर काय येणार याची भीती वाटू लागली आहे.

याच चित्रपटात अब्राहम बोम्बा भेटतात. ट्रेब्लिंकात त्यांना गॅस चेंबरमध्ये जाणाऱ्या बायकांचे केस कापावे लागत. लान्झमान त्यांना इस्रायलमधल्या एका केशकर्तनालयात उभं करतात, हातात कात्री देतात आणि बोलतं करतात. ओळखीच्या बायका आत आल्या तेव्हाचा प्रसंग आला की बोम्बा थांबतात, मला हे नको म्हणतात. लान्झमान सोडत नाहीत. बराच वेळ शांतता, आणि मग ते बोलतात. यावर गेली चाळीस वर्षं वाद आहे. ही साक्ष काढून घेणं होतं की जखम उकरणं? मला दोन्ही वाटतं, आणि दुसरं वाटतं म्हणून पहिलं खोटं ठरत नाही.

लान्झमान यांनी एका माजी नाझी पहारेकऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं वचन दिलं, लपवलेल्या कॅमेऱ्याने त्याला टिपलं आणि त्याचं नाव पडद्यावर लिहून टाकलं. इथे फारसे कुणी लान्झमान यांना दोष देत नाहीत. फसवणूक कुणाची केली यावर आपली नीती किती पटकन वळते, हेही त्यातून दिसतं.

चार धुरांडी

‘पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विसंबायचं कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. यावर एक प्रसंग साक्षींचा अभ्यास करणारे सगळे जण सांगतात. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी ऑशविट्झमध्ये, प्रेतं जाळायच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांनी उठाव केला. येल विद्यापीठाच्या संग्रहासाठी साक्ष देताना एका स्त्रीने सांगितलं की त्या दिवशी आपण प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची चार धुरांडी स्फोटाने उडताना पाहिली. पुढे एका परिषदेत इतिहासकारांनी हरकत घेतली: चार नव्हे, एकच धुरांडं उडालं होतं. आकडा चुकला, तेव्हा साक्ष धरू नये. तिची मुलाखत घेणारे मानसोपचारतज्ज्ञ डोरी लाउब स्वतः लहानपणी छावणीतून वाचलेले होते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ही बाई धुरांडी मोजायला आलेली नाही. ऑशविट्झमध्ये कैदी उलटून उठतात, ही अशक्य गोष्ट घडली एवढं ती सांगते आहे, आणि ते तिने पाहिलं होतं.

मला लाउब यांचं पटतं, पण इतिहासकारही चूक नाहीत. किती, केव्हा, कुठे यासाठी कागद बरा. तिथे असणं कसं होतं यासाठी माणूस लागतो. आठवण काळाबरोबर बदलते, इतरांचं ऐकून, चित्रपट पाहून तिच्यात भर पडते. म्हणून चांगला माहितीपट एकाच प्रसंगाबद्दल तिघा-चौघांना वेगवेगळं विचारतो आणि त्यांच्यातली तफावत लपवत नाही. सगळ्यांचं तंतोतंत जुळलं तर उलट सावध व्हावं.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने ५० हजारांहून जास्त साक्षी चित्रित केल्या आहेत. माहितीपटापेक्षा या कच्च्या मुलाखती कधीकधी जास्त काही देतात. माणूस पाणी मागतो, तारखेवर अडखळतो, बायको आतून दुरुस्ती करते. संकलकाने हे सगळं काढून टाकलं असतं.

ज्यांनी केलं, त्यांचं काय?

सोसलेल्यांना बोलतं करणं अवघड, पण ज्यांनी मारलं त्यांना बोलतं करणं त्याहून अवघड. ते नाकारतात, हुकूम होता म्हणतात, किंवा कोरड्या सरकारी भाषेत शिरतात.

कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीत (१९७५–७९) रिथी पान्ह यांचे आईवडील गेले. २००३ मध्ये त्यांनी नॉम पेन्हमधल्या एस-२१ या तुरुंगावर माहितीपट केला. ती मुळात शाळा होती, आणि तिथे बारा हजारांहून जास्त माणसं मारली गेली असा अंदाज आहे. पान्ह यांनी जुन्या पहारेकऱ्यांना त्याच इमारतीत परत नेलं. एक जण रिकाम्या खोलीत रात्रपाळी कशी असायची ते करून दाखवू लागतो. कुलूप काढतो, नसलेल्या कैद्यावर खेकसतो, झडती घेतो, कुलूप लावतो, पुढच्या खोलीकडे वळतो. तोंडाने जे सांगता आलं नसतं ते शरीर पंचवीस वर्षांनंतरही चुकत नाही. कॅमेरा त्या खोलीत शिरत नाही, दाराबाहेरच थांबतो. आत गेलो असतो तर कैद्यांवरून चालल्यासारखं झालं असतं, अशा आशयाचं पान्ह यांनी पुढे सांगितलं आहे.

इंडोनेशियात १९६५–६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख लोक मारले गेले. तिथे मारेकऱ्यांना शिक्षा झालीच नाही, उलट मान मिळाला. जोशुआ ओपनहायमर यांच्या २०१२ च्या ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ मध्ये मेदान शहरातले मारेकरी आपली कृत्यं आवडत्या हॉलिवूड चित्रपटांच्या थाटात उत्साहाने वठवतात. पाहताना मळमळतं, आणि काही समीक्षकांना हा सगळा प्रकारच असह्य वाटला. त्याच्या श्रेयनामावलीत सहदिग्दर्शकासकट कितीतरी जणांच्या नावाऐवजी ‘अनामिक’ लिहिलं आहे. इंडोनेशियातल्या त्या सहकाऱ्यांना नाव देणं परवडणारं नव्हतं.

व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा एरॉल मॉरिस यांच्यासमोर बोलले ते २००३ च्या ‘द फॉग ऑफ वॉर’ मध्ये. मॉरिस यांचं एक यंत्र आहे: भिंगावरच मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा उमटतो, त्यामुळे उत्तर देणारा थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघतो. मॅकनामारा कबूल करतात, हिशेब मांडतात, आणि माफी मागायची वेळ आली की शिताफीने वळण घेतात.

संकलनाचा डाव कसा चालतो हे पाहायचं तर १९७४ चा ‘हार्ट्स अँड माइंड्स’ बघावा. व्हिएतनाममध्ये एका सैनिकाचा दफनविधी आहे, घरचे आक्रोश करताहेत. लगेच पुढे तिथल्या अमेरिकी सैन्याचे एकेकाळचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड म्हणतात की पौर्वात्यांना जिवाची तेवढी किंमत नसते. ही दोन दृश्यं वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी टिपली होती, जोडणी दिग्दर्शक पीटर डेव्हिस यांची. मला ती जोडणी न्याय्य वाटते, कारण जनरल बोलले ते बोललेच. पण हीच युक्ती उलट्या हेतूनेही तितकीच चालते, हे ध्यानात असू द्यावं.

बॉम्ब पडतोय आणि कॅमेरा घरातच आहे

गेल्या पंधरा वर्षांतला मोठा बदल असा की आता कॅमेरा बाहेरून येत नाही, ज्यांच्यावर बॉम्ब पडतो त्यांच्याच हातात असतो. वाद अल-कतेआब सीरियातल्या अलेप्पोमध्ये विद्यार्थिनी होत्या. युद्ध चालू असतानाच त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा डॉक्टर, घर रुग्णालयातच. हे सगळं त्या टिपत राहिल्या, आणि २०१९ च्या ‘फॉर समा’ मध्ये त्या आपल्या मुलीशी बोलतात: आम्ही इथे का थांबलो, तुला या जागी का जन्म दिला. निवेदकाचा तो सर्वज्ञ आवाज आणि हा आवाज यांच्यातलं अंतर दहा मिनिटांत कळतं.

मस्तिस्लाव चेर्नोव यांचा ‘ट्वेंटी डेज इन मारियुपोल’ (२०२३) आणखी एक गोष्ट उघड करतो. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते आणि त्यांचे सहकारी वेढलेल्या मारियुपोलमध्ये होते. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. त्यांनी टिपलेलं चित्रण आपल्याला आधी सलग, लांबलचक दिसतं आणि मग तेच जगभरच्या बातम्यांत काही सेकंदांचं होऊन येतं. पाठोपाठ ते सगळं नाटक आहे असा रशियाचा दावाही येतो. चित्रण करण्याइतकंच ते बाहेर पाठवणं कठीण होतं, शहरात इंटरनेट मिळेल अशी जागाच उरली नव्हती.

हे नवं चित्रण टिकेल का, ही वेगळीच अडचण आहे. सीरियातले हजारो व्हिडिओ यूट्यूबवर चढले. २०१७ मध्ये हिंसक मजकूर शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने त्यातले कितीतरी उडवले, आणि त्यात युद्धगुन्ह्यांचे पुरावेही गेले. काही परत मिळवले गेले. पूर्वी रीळ तळघरात पडून राहायचं, पण राहायचं. १९७१ मध्ये लिअर लेव्हिन या अमेरिकी छायाचित्रकाराने बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये गाणी गात फिरणाऱ्या कलापथकाचं चित्रण केलं होतं. ते वीस वर्षांहून अधिक काळ तसंच पडून होतं. तारेक आणि कॅथरीन मसूद यांनी ते मिळवून १९९५ मध्ये ‘मुक्तिर गान’ केला. सर्व्हरवरून पुसलेल्या फाइलीला असं तळघर नसतं.

आणि ज्याचं चित्रणच नाही, त्याचं काय? एरी फोलमन यांनी १९८२ च्या लेबनॉन युद्धातली स्वतःची हरवलेली आठवण २००८ मध्ये ॲनिमेशनमधून शोधली. रिथी पान्ह यांनी २०१३ मध्ये आपल्या बालपणाची छावणी मातीच्या बाहुल्यांतून उभी केली. दोन्ही माहितीपटच आहेत. बाहुली आपण खरी असल्याचा दावा करत नाही, हा तिचा मोठेपणा.

सुरुवात करायची असेल तर ‘नाइट अँड फॉग’ने करावी, बत्तीस मिनिटं कुणालाही निघतात. मग ‘द फॉग ऑफ वॉर’, त्यानंतर ‘फॉर समा’. तो मुलांसोबत पाहण्यासारखा नाही. ‘द ॲक्ट ऑफ किलिंग’ पाहिलात तर त्याच दिग्दर्शकाचा २०१४ चा ‘द लुक ऑफ सायलेन्स’ही पाहाच, कारण पहिल्यात मारेकरी बोलतात आणि दुसऱ्यात मारल्या गेलेल्याचा भाऊ त्यांना प्रश्न विचारतो. ‘शोआ’ एका दमात पाहू नये. तो मुळातच दोन पर्वांत विभागलेला आहे, तेव्हा निदान दोन दिवस काढा, आणि दुभाषीचे संवाद पुढे ढकलून पाहू नका.